नकाशावरची पाटी

पूर्वीं दुकानाची पाटी दारावर असे आणि तिच्याखालून रोज जाणारीं-येणारीं माणसें हींच त्या दुकानाचीं गिऱ्हाइकें असत. ज्यास पाटी सांपडत नसे तो पेरुगेटापाशीं उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थास विचारी. उत्तर किंचित् तिरकस मिळे, पण बिनचूक मिळे. आतां विचारणारा कोणापाशीं थांबत नाहीं. तो खिशांतून फोन काढतो, ‘पुरणपोळी जवळपास’ एवढें लिहितो, किंवा तेवढाहि त्रास न घेतां नुसतें बोलतो, आणि नकाशाखालीं जीं तीन नांवें उमटतात त्यांपैकीं एकाच्या दिशेनें चालूं लागतो. २०१५ सालापूर्वीं गूगल अशीं सात नांवें दाखवीत असे. त्या वर्षीं तीं तीनांवर आलीं. चौथें नांव पाहण्यासाठीं आणखी एकदां बोट लावावें लागतें, आणि भूक लागलेला मनुष्य बहुधा तेवढें करीत नाहीं.

घराघरांतून चालणाऱ्या लहान धंद्यांस आज अशा रीतीनें दोन पाट्या लागतात. एक भिंतीवरची, एक नकाशावरची. पहिलीविषयीं आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्रांत २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाहि देवनागरी लिपींत मराठी पाटी लावणें बंधनकारक झालें. दुसरीविषयीं कायदा नाहीं, आणि ती कोणी लावली, कोणाच्या नांवावर लावली व तिच्यावर काय लिहिलें आहे, याची बहुतेक घरांत कोणास दादहि नसते.

हा विषय या सदरांत घेण्यास निमित्त झालें तें सदाशिव पेठेंतील एका वाचक-भगिनीच्या पत्राचें. त्यांच्या सासूबाईंनीं तीस वर्षांपूर्वीं उपवासाची भाजणी, पुरणपोळ्या व दिवाळीचा फराळ करून देण्यास आरंभ केला. आज त्या कामांत दोघी सुना, एक नणंद व बाहेरच्या दोन बायका आहेत, आणि घरांतील एका मुलाची इंजिनिअरिंगची फी त्यांतूनच जाते. चार वर्षांपूर्वीं जुना वाडा पाडला, त्या जागीं इमारत उभी राहिली, व या कुटुंबास मागच्या बाजूस तळमजल्यावर जागा मिळाली. जुनीं गिऱ्हाइकें अजून येतात. पण तीं वृद्ध होत चाललीं आहेत व त्यांचीं मुलें बाणेरास नाहीं तर बावधनास राहावयास गेलीं आहेत. नवें गिऱ्हाईक दोन बोळ पलीकडे, दीड वर्षापूर्वीं निघालेल्या दुकानाकडे वळतें, कारण फोनवर तेंच प्रथम दिसतें. अलीकडे धाकट्या दिरांस एका गृहस्थाचा फोन आला : ‘मी गूगलमधून बोलतों; पंधरा हजार भरा, वर्षभर तुमचें नांव पहिलें ठेवतों.’ दीर पैसे देण्याच्या मताचे आहेत. मामंजी म्हणतात, पोळ्यांची जाहिरात करणें आपल्यास शोभत नाहीं. सासूबाईंचें मत असें कीं चकली चांगली असली म्हणजे लोक येतातच. यांतून वाट काय, असा प्रश्न आहे.

पैसे देऊं नयेत, हें प्रथम सांगून टाकतों. स्थानिक शोधांतील क्रम पैसे घेऊन वर नेतां येत नाहीं, असें गूगलनें स्वतःच आपल्या मार्गदर्शनांत लिहून ठेवलें आहे. पैसे भरून जी जाहिरात दाखविली जाते ती वेगळी. तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते आणि पैसे संपले कीं ती नाहींशी होते. ‘गूगलमधून बोलतों’ म्हणून जागा विकणाऱ्या माणसास आपल्या दिवाणखान्यांत बसवावयाचें कारण नाहीं. नकाशावरील नोंद करण्यास, ती सुधारण्यास व सांभाळण्यास कांहीं मूल्य पडत नाहीं. पडतो तो वेळ. मामंजींस एवढेंच विनवावें कीं आपला पत्ता नीट लिहून ठेवणें यास कोणी जाहिरात म्हणत नाहीं.

सासूबाईंच्या मतांत मात्र तथ्य आहे, आणि तें पुढें अभिप्रायांच्या संबंधांत उपयोगी पडणार आहे. परंतु चकलीची चव नकाशास कळत नाहीं. त्यास काय कळतें तें पाहूं.

गूगल आपला निवाडा तीन गोष्टींवर बसवितें असें त्या कंपनीचें सांगणें आहे : विचारलेल्या वस्तूशीं तुमच्या धंद्याचा संबंध किती, विचारणारा तुमच्यापासून किती अंतरावर, आणि तुमची ख्याति किती. यांपैकीं अंतर आपल्या हातीं नाहीं. कोथरूडांत उभें राहून कोणी पुरणपोळी शोधली तर त्यास कोथरूडचीं दुकानें दिसणार, आणि त्याबद्दल हळहळण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळ दुकानदार याच गोष्टीनें कष्टी होतात. उलट कांहीं जण आपल्याच ओट्यावर बसून आपल्याच फोनवर आपलेंच नांव शोधतात आणि पहिलें दिसलें म्हणून समाधान पावतात. तेंहि तितकेंच पोकळ. ज्यास नांव ठाऊक आहे त्यास दुकान सांपडेलच. परीक्षा करावयाची तर शनिपारापाशीं राहणाऱ्या एखाद्या आप्तास सांगावें कीं नांव न घेतां ‘उपवासाची भाजणी’ शोधा, आणि काय दिसलें तें कळवा.

उरल्या दोन गोष्टी, संबंध व ख्याति. आणि त्यांच्याहि आधीं एक मूळची गोष्ट, ती म्हणजे नोंद खरी व जिवंत असणें. या भगिनीचें पत्र आल्यावर मीं त्यांचें नांव नकाशावर शोधून पाहिलें. एक सोडून दोन नोंदी मिळाल्या. पहिली जुन्या वाड्याची : खूण पुढच्या रस्त्यावर, फोन नंबर घरच्या जुन्या लँडलाइनचा, जो पत्रांतील माहितीप्रमाणें केव्हांच परत केलेला आहे, वेळ दिलेली नाहीं, वर्ग नुसता ‘दुकान’. दुसरी कोणी तरी अलीकडे केलेली, नांवाचें इंग्रजी स्पेलिंग निराळें, आणि तिला तीन अभिप्राय. पहिलीस एकोणीस. म्हणजे तीस वर्षांच्या पुण्याईचे दोन तुकडे होऊन पडलेले, आणि त्यांतला मोठा तुकडा जेथें आतां दार नाहीं अशा भिंतीकडे बोट दाखवीत आहे. पलीकडच्या नव्या दुकानानें जादू केलेली नाहीं. त्यानें आपली नोंद एक ठेवली, खरी ठेवली, पुरी भरली, इतकेंच.

अशा वेळीं नवी नोंद करण्याचा मोह होतो, तो आवरावा. जुन्या नोंदीवर हक्क सांगून तिच्यांतील पत्ता बदलावा म्हणजे जुने अभिप्राय तिच्याबरोबर नव्या जागीं येतात. दुसरी नोंद ही पहिलीचीच प्रत आहे असें गूगलला कळविण्याची सोय नकाशांतच आहे.

हक्क सांगणें हा शब्द मुद्दाम वापरला, कारण एकत्र कुटुंबांत खरा घोटाळा येथेंच होतो. नकाशावरची पाटी ही कोणा ना कोणाच्या गूगल खात्यास बांधलेली असते. बहुधा घरांतल्या महाविद्यालयांत जाणाऱ्या पुतण्यानें ती एका दुपारीं आपल्या खात्यावरून केलेली असते. पुतण्या शिकावयास जर्मनीस जातो, त्याचा इकडचा मोबाइल नंबर बंद होतो, पासवर्ड कोणास ठाऊक नसतो, आणि दुकानाची वेळ बदलली तरी पाटीवर जुनीच वेळ राहते. कधीं एखाद्या कंत्राटी माणसानें ती आपल्या खात्यावर केलेली असते, आणि पुढें पैशावरून बिनसलें कीं तो किल्ली देत नाहीं. तिसरा प्रकार अधिक नाजूक. भावाभावांच्या वाटण्या होतात. भांडीं, दागिने, जागा, बँकेंतली ठेव, सर्वांची यादी होते. पण शेंकडों अभिप्राय जमलेलें हें पान कोणाकडे जाणार याचा उल्लेख कोणत्याहि वाटणीपत्रांत माझ्या पाहण्यांत नाहीं. आज एखाद्या गृहोद्योगाची निम्मी किंमत त्या पानांत असूं शकते. नांव आणि पान ज्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याच्याकडे.

यासाठीं माझें मत असें : धंद्याच्या नांवानें स्वतंत्र खातें उघडावें, तें कोणा एकाच्या खासगी पत्रव्यवहाराचें नसावें. त्याची मुख्य मालकी ज्या बाई प्रत्यक्ष धंदा चालवितात त्यांच्याकडे, म्हणजे येथें सासूबाईंकडे असावी, आणि खातें परत मिळविण्यासाठीं लागणारा नंबर त्यांचाच असावा. सुनांस व दिरांस ‘व्यवस्थापक’ म्हणून नेमतां येतें. व्यवस्थापकास वेळ, चित्रें, उत्तरें हें सर्व करतां येतें. परंतु मालकास काढून टाकतां येत नाहीं व पानहि पुसतां येत नाहीं. पासवर्ड वहींत लिहून ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटांत ठेवावी. ज्यांचें पान आधींच दुसऱ्या कोणाच्या खात्यावर आहे त्यांनीं त्या पानावरूनच मालकीची मागणी करावी. धारकास उत्तर देण्यास कांहीं दिवसांची मुदत मिळते, आणि तो गप्प राहिला तर स्वतःची ओळख पटवून पान बहुधा ताब्यांत घेतां येतें.

ही ओळख पटविण्याची रीत बदलली आहे. पूर्वीं पोस्टानें एक कार्ड येई व त्यावरील अंक भरावे लागत. आतां पुष्कळदां चलच्चित्र मागतात. फोन हातांत धरून बोळाच्या नांवाची पाटी, इमारत, दार, आंतील काम करण्याची जागा, मोठी कढई, सोऱ्या, अन्न-परवान्याचा कागद असें न थांबतां दाखवावें लागतें. माणसांचे चेहरे दाखविण्याची गरज नसते, हें सांगितलें म्हणजे घरांतील बायकांचा संकोच पुष्कळ कमी होतो.

आतां खुणेविषयीं. पुण्याच्या पेठांतले पत्ते हे पत्ते नसून गोष्टी असतात : खुन्या मुरलीधराच्या मागें, चिमण्या गणपतीवरून डावीकडे, पूर्वीं जेथें पिंपळ होता तेथें. टपालवाल्यास हें पाठ असे. तरी देखील देशास सहा अंकी पिनकोड लागलाच. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं केली. संस्कृतांत काव्यें-नाटकें लिहिणारे हे गृहस्थ केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांत अधिकारी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पिनकोड पेठेपर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाहीं. मे २०२५ मध्यें डाकखात्यानें ‘डिजिपिन’ नांवाची दहा अक्षरांची खूण प्रसिद्ध केली; तिच्यांत देशाची भूमि सुमारें ४ मीटर लांबरुंद अशा चौकटींत वांटली आहे. पुढेंमागें ती रुळेल. तोंवर गूगलच्या नकाशावरील खूण आपल्या हातानें ओढून बरोबर आपल्या दारावर ठेवणें एवढें प्रत्येकास करतां येतें. वाडा जाऊन इमारत आली आणि दार मागच्या बोळांत गेलें, ही पुण्यांत आज हजार घरांची गोष्ट आहे. नोंदींत एक चित्र रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचें, एक बोळाच्या तोंडाचें, एक दाराचें, असें क्रमानें घालावें. लाडवांचीं दहा चित्रें घालण्यापेक्षां बोळाच्या तोंडाचें एक चित्र अधिक गिऱ्हाईक आणतें.

परंतु येथें एक पोटप्रश्न आहे आणि तो बायकांनीं विचार करून सोडवावा. आपलें घर सर्व जगास दाखवावें कीं नाहीं? ठरलेल्या वेळांत गिऱ्हाईक दाराशीं येतें, बाहेर पाटी आहे, कोणी तरी हजर असतें, तर पत्ता दाखवावा. पण जेथें एकटी बाई स्वयंपाकघरांत पोळ्या करते व डबे पोंचते केले जातात, तेथें पत्ता झांकून ठेवण्याची सोय आहे, आणि गूगलचा नियमहि तोच आहे. अशा नोंदींत पत्त्याऐवजीं ज्या भागांत माल पोंचवितां ते भाग लिहावयाचे. वीसपर्यंत लिहितां येतात. मात्र वीस भाग लिहिले म्हणून वीसहि भागांत नांव वर येईल असें समजूं नये.

नांवाच्या बाबतींत लोभ सर्वांत अधिक होतो. ‘अमुक गृहोद्योग’ असें साधें नांव असतां नोंदींत ‘अमुक गृहोद्योग उत्तम पुरणपोळी चकली भाजणी सदाशिव पेठ पुणे’ असें लिहिलें जातें. असें करणाऱ्यांस कांहीं काळ लाभ होतो, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण तें नियमाविरुद्ध आहे. शेजारचा कोणीहि तक्रार करूं शकतो, आणि एखाद्या सकाळीं, बहुधा दिवाळीच्या तोंडावर, सारी नोंदच स्थगित झालेली आढळते. ती परत मिळवितांना आठवडे जाऊं शकतात. पाटीवर जें नांव तेंच नोंदींत, तेंच पावतीवर, तेंच खोक्यावर. आणि इंग्रजी स्पेलिंग एकदां ठरवून तेंच सर्वत्र. लक्ष्मी या नांवांत कोणी एक्स घालतो, कोणी के-एस-एच घालतो. दोन्ही बरोबर असतील, पण एका दुकानास एकच असावें.

पदार्थांचीं नांवें घालण्याची योग्य जागा निराळी आहे. नोंदीस एक मुख्य वर्ग निवडावा लागतो व आणखी नऊ निवडतां येतात. हे वर्ग गूगलच्या तयार यादींतून घ्यावयाचे असतात. मुख्य वर्गाचा भार मोठा असतो. म्हणून वर्षाचे बारा महिने जें काम चालतें तें मुख्य धरावें, दिवाळीचे तीन आठवडे चालतें तें नव्हे. त्यानंतर पदार्थांची यादी : पुरणपोळी, गुळपोळी, उपवासाची भाजणी, थालिपीठाची भाजणी, मेतकूट, प्रत्येकी वजन व किंमत देऊन, मराठींत आणि इंग्रजी अक्षरांतहि, कारण मराठी शोधणारे पुष्कळ जण रोमन अक्षरें टिपतात. धंद्याचें वर्णन ७५० अक्षरांच्या आंत लिहावयाचें असतें. तेथें ‘गुणवत्तेशीं तडजोड नाहीं’ असलीं वाक्यें लिहूं नयेत. तीं सर्वांच्याच पानावर आहेत. पोळी कोणत्या गुळाची, पुरण जात्यावर कीं पुरणयंत्रावर, किती पोळ्यांस किती आधीं सांगावें लागतें, हें लिहावें.

वेळेविषयीं पुणेकरांस सल्ला देणें धाडसाचें आहे. दुपारची विश्रांति हा आपला जुना हक्क आहे, आणि तो नोंदींतहि राखतां येतो. एकाच दिवसाच्या दोन वेळा, सकाळची व संध्याकाळची, निराळ्या लिहितां येतात. शोधणारा ज्या घटकेस शोधतो त्या घटकेस दुकान उघडें आहे कीं नाहीं याचाहि विचार क्रमांत होतो, असें गूगलनें २०२३ सालीं मान्य केलें. त्यावरून कांहीं शहाण्यांनीं ‘चोवीस तास उघडें’ लिहून टाकलें. रात्रीं बंद दाराशीं आलेला मनुष्य जो अभिप्राय लिहून जातो तो पुढें वर्षानुवर्षें राहतो, तेव्हां ही युक्ति महागांत पडते. सणावारांच्या वेळा वेगळ्या लिहाव्या; अनंत चतुर्दशीस लक्ष्मी रस्ता ओलांडून आपल्याकडे कोणी येऊं शकत नसेल तर त्या दिवशीं ‘बंद’ असें आधींच लिहावें.

आतां ख्याति. ही वर्तमानपत्रांतील उल्लेखांतून, इतर यादींतून, दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांतून आणि मुख्यतः गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांतून मोजली जाते. येथें सासूबाईंची चकली उपयोगीं पडते, पण आपोआप नव्हे. तीस वर्षें पोळ्या नेणारे आजोबा कधीं अभिप्राय लिहीत नाहींत. त्यांच्या लेखीं दर संक्रांतीस परत येणें हाच अभिप्राय. लिहितो तो रागावलेला मनुष्य. म्हणून मागावें लागतें, आणि मागण्यांत कमीपणा नाहीं. नोंदीच्या मालकास अभिप्राय लिहिण्याचा थेट दुवा व चौकोनी सांकेतिक खूण मिळते. ती छापून खोक्याच्या झांकणावर चिकटवावी. आजोबांच्या नातीस सांगावें. ती पायरीवर उभ्या उभ्या लिहून टाकील. काय लिहावें हें सुचवूं नये, फक्त काय नेलें तें लिहा एवढें म्हणावें. ‘गुळपोळी नेली, खुसखुशीत होती, बोळांतून दुसरें दार’ या साध्या ओळींतून पुढच्या वाचकास पदार्थ कळतो आणि वाटहि कळते.

दोन गोष्टी वर्ज्य. अभिप्रायाच्या बदल्यांत सूट किंवा लाडू देणें नियमाविरुद्ध आहे. आणि खूष दिसणाऱ्यांसच निवडून विचारणें हेंहि. दुसरें, मामा, मावशी, आत्ये, साडू अशा गोतावळ्याकडून एका रविवारीं पंचवीस पंचतारांकित अभिप्राय लिहवूं नयेत. ते बहुधा गळून पडतात, आणि वाचणाऱ्यासहि वास येतो. भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें अशा अभिप्रायांसाठीं आय.एस. १९००० हें मानक प्रसिद्ध केलें. तें ऐच्छिक असलें तरी खोट्या स्तुतीचा उपद्रव केवढा झाला आहे हें त्यावरून दिसतें.

वाईट अभिप्राय आला म्हणजे काय करावें? समजा, कोणी लिहिलें, ‘चकली मऊ होती, पैसे फुकट गेले.’ आपल्याकडील पहिली ऊर्मि अशी असते : ‘चकली डब्याचें झांकण न लावतां ठेवली तर मऊ होणारच. तीस वर्षांत अशी तक्रार आली नाहीं.’ उत्तर खरें असेल, ठसकेबाजहि आहे; पण तें वाचणारा तक्रारदार नसतो, पुढचा शंभरावा गिऱ्हाईक असतो, आणि त्यास भांडकुदळ दुकान दिसतें. त्याऐवजीं लिहावें : ‘चकली मऊ लागली याचें वाईट वाटलें. त्या आठवड्यांत पाऊस होता. आतां आम्ही पिशवी सीलबंद करून देतों. पुढच्या खेपेस आल्यावर सांगावें, बदलून देऊं.’ पावसाचें व सीलबंद पिशवीचें खरें असेल तरच लिहावें. अभिप्राय पुसून टाकण्याचा अधिकार मालकास नाहीं. शिवीगाळ किंवा उघड खोटेपणा असेल तर कळवितां येतें, निर्णय गूगलचा. उत्तरें लिहिण्याचें काम घरांतील सर्वांत शांत माणसाकडे द्यावें, मग तो वयानें लहान कां असेना.

बाकीच्या यादींविषयीं थोडक्यांत. १९९६ सालीं मुंबईंत निघालेल्या जस्टडायलसारख्या यादींत, ॲपलच्या व मायक्रोसॉफ्टच्या नकाशांत, समाजमाध्यमांवर जेथें जेथें आपलें नांव आहे तेथें नांव, पत्ता व फोन तंतोतंत एकच असावा. जुना लँडलाइन नंबर जेथें सांपडेल तेथून काढावा. गूगल पूर्वीं नोंदीबरोबर एक फुकट संकेतस्थळ देत असे, तें मार्च २०२४ मध्यें बंद झालें. ज्यांनीं तो पत्ता खोक्यांवर छापला होता त्यांनीं खोकीं संपण्याची वाट पाहूं नये, वर कागद चिकटवावा. शिवाय नकाशावरील माहितींत कोणीहि त्रयस्थ बदल सुचवूं शकतो, आणि ‘दुकान कायमचें बंद’ असेंहि कोणी सुचवितो; म्हणून आठवड्यांतून एकदां आपलें पान उघडून पाहण्याचें काम एका माणसाकडे सोंपवावें.

लाभ झाला कीं नाहीं हें मोजण्यास क्रमांकाकडे पाहूं नये. नोंदीच्या आंतल्या बाजूस किती जणांनीं फोन केला, किती जणांनीं वाट विचारली, आणि कोणते शब्द लिहून ते येथवर आले, याचा महिन्याचा आंकडा मिळतो. तो जमाखर्चाच्या वहींत एका ओळींत उतरून ठेवावा. तीन महिन्यांत वाट विचारणारे वाढले आणि फोन करून ‘दार सांपडत नाहीं’ म्हणणारे कमी झाले, तर काम बरोबर चाललें आहे.

या भगिनीस वेळापत्रक विचाराल तर मालकी व खुणेचें काम श्रावणांतच उरकावें, कारण ओळख पटविण्यास दिवस लागतात आणि नवरात्रानंतर घरांत कोणास श्वास घ्यावयास सवड नसेल. अभिप्रायांची चौकोनी खूण गणपतींतल्या मोदकांच्या खोक्यांपासून लावावी. आणि एक गिऱ्हाईक विसरूं नये, ज्यास अंतराचा नियम लागूं नाहीं : सिॲटलमध्यें किंवा सिडनींत बसलेला मुलगा, जो ‘दिवाळी फराळ पुणे’ असें गांवाचें नांव घालून शोधतो. त्यास बोळ नको आहे, दार नको आहे. त्यास पाहिजे तें इतकेंच, कीं परदेशीं पार्सल जातें कीं नाहीं, किलोस किती पडतील, आणि शेवटची तारीख कोणती. ही तारीख पानाच्या अगदीं वरच्या भागांत घालावी, आणि भाऊबीज झाली कीं आठवणीनें काढावी.